सांग पाहू, मी कोण?

आपल्या मायमराठीने वार्धक्यावर फारशी माया केलेली नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तिने जन्माला घातली, ‘म्हातारचळ’ हा शब्द तिने घडवला, आणि ‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’ हे वाक्य तर इतक्या प्रेमळ सुरात आपल्या ओठी बसवले की त्यातील अन्याय कोणाच्या ध्यानातही येत नाही. स्मृतिभ्रंशाचा आजार, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, घरात शिरला की या तिन्ही वचनांना नवे बळ चढते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी कसे बोलायचे, हे मग ही जुनी वचनेच ठरवू लागतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: आजार माणसाच्या वाणीचा काही भाग हिरावून नेतो, उरलेला भाग पुष्कळदा आपण, त्याची सेवा करणारी माणसे, आपल्या बोलण्याने हिरावून घेतो. हे विधान कठोर आहे याची मला जाणीव आहे. रात्रंदिवस खस्ता खाणाऱ्या कुटुंबांच्या तोंडावर ते करताना संकोचही वाटतो. तरी ते केले पाहिजे, कारण हा प्रश्न दोन-चार घरांपुरता राहिलेला नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील साठी ओलांडलेल्या लोकांपैकी 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे 88 लाख माणसे. याचा अर्थ असा की, ज्या धर्मग्रामात पाचशे वृद्ध आहेत तेथे या हिशेबाने पस्तीसेक घरांत हे दुःख नांदत असणार. त्यांपैकी किती जणांचा आजार आपल्याला ठाऊक असतो? उरलेल्यांना आपण ‘हल्ली जरा विसरतात’ म्हणून सोडून देतो.

या घरांतील एक प्रसंग आपल्या साऱ्यांच्या परिचयाचा आहे. रविवारच्या मिस्सानंतर नातलग भेटीला येतात. आजी पडवीत खुर्चीवर बसलेली असते. येणारा तिच्यासमोर उभा राहतो आणि मोठ्याने विचारतो, “काय आजी, ओळखलंस का? सांग पाहू, मी कोण?” आजी त्याच्याकडे पाहते, मग सुनेकडे पाहते, ओशाळवाणे हसते. “अगं, सांग ना! विसरलीस?” आणखी दोघे पुढे सरसावतात: “बरं, मी कोण? आणि ही कोण?” कोणी तरी खरे उत्तर पुरवतो, मंडळी हसतात आणि चहा येतो. आखातातून किंवा कॅनडातून व्हिडिओ कॉल आला की मोबाईल आजीच्या नाकासमोर धरला जातो आणि तोच प्रश्न सातासमुद्रापलीकडून पुन्हा ऐकू येतो. ज्या बाईने या साऱ्यांना न्हाऊमाखू घातले, तिची तिच्याच घरात दिवसातून चार वेळा परीक्षा होते, आणि चारही वेळा ती नापास होते.

या परीक्षेचा उगम कोठे आहे? नोव्हेंबर 1901 मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरातील मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाच्या 51 वर्षांच्या स्त्रीला दाखल करण्यात आले. तेथील डॉक्टर अलॉईस अल्झायमर यांनी तिला प्रश्न विचारले आणि तिची उत्तरे टिपून ठेवली. तुझे नाव काय? आडनाव काय? नवऱ्याचे नाव काय? बहुतेक प्रश्नांना तिने स्वतःचेच नाव सांगितले. तिला पेन्सिल आणि पुस्तक अशा वस्तू दाखवल्या. त्यांची नावे तिला सांगता आली, पण थोड्या वेळाने आपण काय पाहिले ते तिला आठवेना. नाव लिहायला सांगितले तर तेही पुरे लिहिता येईना. तेव्हा आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे उद्गार तिने काढले. 1906 मध्ये ती निवर्तली. पुढे या आजाराला त्या डॉक्टरांचे नाव मिळाले. तिच्या आजाराची ही फाईल हरवली होती. ती 1995 मध्ये पुन्हा सापडली, म्हणून हा संवाद आज आपल्याला ठाऊक आहे.

अल्झायमरसाहेबांना मी दोष देत नाही. निदानासाठी प्रश्न विचारणे हे वैद्याचे कर्तव्यच आहे. आजही डॉक्टर रुग्णाला वार, तारीख आणि गाव विचारतात, तीन शब्द सांगून ते थोड्या वेळाने आठवायला लावतात. ते वर्षातून एकदोनदा, बंद दाराआड आणि काही हेतूने विचारले जाते. आपल्या घरी निदान केव्हाच झालेले असते. मग ही तपासणी रोज कोणासाठी चालते? मला वाटते, ती आपल्यासाठीच चालते. ‘आईला अजून मी आठवतो’ हे प्रशस्तिपत्र आपल्याला हवे असते, आणि ते मिळवण्यासाठी आपण तिची अब्रू पणाला लावतो.

“पण फादर, पाच मिनिटांत ती सारे विसरून जाते,” असे उत्तर मला हमखास मिळते. प्रश्न ती विसरते हे खरे. लाज मात्र विसरत नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात 2014 साली झालेल्या एका अभ्यासात अल्झायमरचा आजार असलेल्या 17 व्यक्तींना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवण्यात आल्या. थोड्याच वेळात चित्रफितीतला तपशील त्यांच्या स्मरणातून जवळजवळ पुसला गेला. चित्रफितीने मनात उठवलेली भावना मात्र मागे राहिली. म्हणजे कारण विसरले जाते आणि कढ उरतो. संध्याकाळी आजी विनाकारण रडते, जेवत नाही, कोणाला जवळ येऊ देत नाही, तेव्हा आपण म्हणतो, ‘आजार वाढला.’ पुष्कळदा आजार वाढतोही. पण दुपारच्या परीक्षेचा आणि संध्याकाळच्या रडण्याचा काही संबंध आहे का, हे आपण कधी तपासून पाहिले आहे काय?

दुसरे उत्तर अधिक विचारपूर्वक दिले जाते. प्रश्न विचारल्याने मेंदूला व्यायाम होतो, असे काहींचे म्हणणे असते. मेंदूला चालना देणारे उपचार आहेत आणि ते उपयोगीही आहेत. इंग्लंडमध्ये अशा एका गट-उपचाराची 201 व्यक्तींवर चाचणी घेण्यात आली. 2003 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते उत्साहवर्धक होते. परंतु त्या उपचाराचे एक मूळ सूत्र असे आहे की, माहिती विचारू नये, मत विचारावे. ‘हे लुगडे कोणत्या रंगाचे आहे?’ या प्रश्नाला एकच उत्तर बरोबर असते. बाकी सारी चूक. ‘हा रंग तुला आवडतो का?’ या प्रश्नाला चुकीचे उत्तरच नाही. पहिला प्रश्न माणसाला विद्यार्थी करतो, दुसरा त्याला घरातले वडीलधारे माणूस म्हणून ठेवतो. आजचा वार कोणता हे न सांगता येणारी बाई कालवणात मीठ कमी आहे हे ठामपणे सांगू शकते. तिच्या मताला आपण वाव ठेवतो का, एवढाच प्रश्न आहे.

परीक्षेनंतरचे दुसरे पाप म्हणजे बोबडे बोल. ‘दुसरे बालपण’ हे वाक्य आपण अक्षरशः खरे मानतो. “चला, आता आपण अंघोळ करायची हं. शहाणं बाळ ते! गोळी कोण घेणार? आपण घेणार ना?” हे शब्द ज्यांना उद्देशून उच्चारले जातात ते गृहस्थ चाळीस वर्षे शाळेत गुरुजी असतात, त्यांची सावली दिसली की गल्लीतली मुले गोट्या खिशात टाकत असत. आपल्या भाषेची येथे काय शोभा होते पाहा. मराठीत ‘तू’ आहे, ‘तुम्ही’ आहे, आणि आदराची परिसीमा म्हणून ‘आपण’ आहे. त्याच ‘आपण’चा उपयोग येथे माणसाचे माणूसपण पुसण्यासाठी होतो. ज्या सासऱ्यांना सून जन्मभर ‘अहो बाबा, तुम्ही’ म्हणत आली त्यांना ब्युरोकडून आलेला मुलगा पहिल्याच दिवशी ‘ए बाबा, ऊठ’ म्हणतो, आणि घरात कोणालाही ते खटकत नाही. आजाराने बाबांकडून पुष्कळ काही नेले असेल. त्यांचे ‘तुम्ही’ मात्र आजाराने नेलेले नाही. ते आपण काढून घेतले.

हे केवळ शिष्टाचाराचे गाऱ्हाणे नव्हे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातील परिचर्या-संशोधक क्रिस्टिन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहांतील स्मृतिभ्रंशाच्या 20 रुग्णांच्या सेवेचे चित्रीकरण करून ते बारकाईने तपासले. 2009 साली त्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष डोळे उघडणारे आहेत. सेविका लाडिक, बाळबोध बोलीत बोलत असे तेव्हा रुग्णाने प्रतिकार करण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असे. तीच सेविका प्रौढ माणसाशी बोलावे तसे बोलली तर ती सुमारे एक चतुर्थांशावर येई. ढकलणे, ओरडणे, तोंड फिरवणे, हात झटकणे या ज्या गोष्टींना आपण ‘आजाराची लक्षणे’ म्हणतो, त्यांतील काही भाग हे आपल्या बोलण्याला दिलेले उत्तर असते. शब्दांनी निषेध करता येत नाही म्हणून ते माणूस हाताने निषेध करते. पुढे याच संशोधकांनी 13 शुश्रूषागृहांतील कर्मचाऱ्यांना एकेक तासाचे तीन पाठ दिले. लाडिक बोलणे कमी झाले आणि त्यासोबत प्रतिकारही कमी झाला. एका गोळीचाही खर्च त्यासाठी आला नाही.

तिसरे पाप सर्वांत सोपे आणि म्हणून सर्वांत सार्वत्रिक आहे. रुग्णाच्या देखत त्याच्याविषयी बोलणे. “हिला काही कळत नाही, फादर. रात्रभर झोपत नाही. कपडे खराब करते. देवाने आता न्यावं तिला.” हे सारे तिच्यापासून दोन हातांवर. ‘तिला कळत नाही’ हे आपल्याला कसे कळले? ती उत्तर देत नाही यावरून? ब्रॅडफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड, जे पूर्वी काही काळ अँग्लिकन धर्मगुरू होते, यांनी 1997 च्या आपल्या ग्रंथात स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे माणूसपण खच्ची करणाऱ्या 17 वर्तनांची यादी दिली आहे. फसवणे, बाळ समजणे, घाई करणे, दुर्लक्ष करणे, चेष्टा करणे ही त्यांतील काही. त्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली, तीही येथे सांगणे न्याय्य होईल: ही वर्तने बहुधा दुष्टाव्यातून घडत नाहीत. चांगली, दयाळू माणसेच ती करतात.

जेझुइटांच्या जॉर्जटाऊन विद्यापीठातील प्राध्यापक स्टीव्हन सबाट यांनी अशा रुग्णांशी प्रदीर्घ संभाषणे करून एक साधे सत्य मांडले. माणसाची समाजातील ओळख त्याला एकट्याने टिकवता येत नाही. समोरच्याचे सहकार्य लागते. गुरुजींना गुरुजी राहायचे असेल तर कोणी तरी विद्यार्थी व्हायला तयार असावे लागते. कोणीच तयार नसेल, सारेच त्यांना ‘पेशंट’ म्हणून वागवीत असतील, तर ते पेशंटच होतात. मग आपण म्हणतो, ‘बाबा पूर्वीचे राहिले नाहीत.’

आपल्या वसईसारख्या प्रदेशात याला आणखी एक पदर आहे. दोन भाषा जाणणाऱ्या रुग्णांत नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि आईच्या मांडीवर शिकलेली बोली मागे राहते, असे पुष्कळदा आढळते. आपल्या आजीची ती बोली म्हणजे सामवेदी किंवा वाडवळी. घरात मात्र मुले इंग्रजी माध्यमात शिकलेली, सून प्रमाण मराठी बोलणारी, सेवेला ठेवलेली बाई परप्रांतीय. आजी तिच्या बोलीत काही मागते, ते कोणाला उमजत नाही, आणि ‘आजी हल्ली काहीही बरळते’ असा निवाडा दिला जातो. ती बरळत नसेल. ती आपल्या माहेरच्या भाषेत पाणी मागत असेल. आपली बोली आपण स्नेहसंमेलनात टाळ्या घेण्यासाठी मंचावर आणतो. तिची खरी निकड आजीच्या खाटेपाशी आहे.

येथे सत्य-असत्याचा एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि धर्मगुरू म्हणून मला तो टाळता येत नाही. पंचाऐंशी वर्षांची आजी विचारते, “माझी आई कुठे आहे?” एक जण सांगतो, “तुझी आई मरून तीस वर्षे झाली!” आजीसाठी ती माता त्या क्षणी नव्याने मरते, आणि तासाभराने प्रश्न आला की पुन्हा मरते. दुसरा सांगतो, “बाजारात गेलीय, येईल इतक्यात.” हे सोयीचे असत्य आहे, आणि आजी दाराकडे डोळे लावून बसते. या दोहोंच्या मधून एक वाट जाते. “आईची आठवण येते ना? कशी होती ग तुझी आई? तिच्या हातचं काय आवडायचं तुला?” यात खोटे काही नाही आणि क्रूरही काही नाही. आजीने माहिती विचारलेली नव्हती; ती मायेची वाट पाहत होती. आठवी आज्ञा आपल्याला खोटे बोलू नका असे सांगते. सत्याचा दगड करून म्हाताऱ्या आईला मारा, असे ती सांगत नाही.

इतके बोलल्यावर कोणी मला विचारील, “फादर, रात्री तीनदा उठून चादरी बदलणाऱ्या सुनेला तुम्ही गोड बोलण्याचे धडे देणार?” हा प्रश्न योग्य आहे. माझा रोख तिच्यावर सर्वांत कमी आहे. परीक्षा घ्यायला ती येत नाही. वर्षातून दोनदा येणारे दीर, नणंदा आणि आम्ही पाहुणे येतो. तीसुद्धा कधी कडाडत असेल, तर तिच्याशी किती दिवसांत कोणी दोन शब्द बोललेले नाही, हे आधी मोजावे. गोव्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या 81 कुटुंबांसह झालेला एक प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्याच, थोडे प्रशिक्षण दिलेल्या सल्लागारांनी या घरांना भेटी दिल्या, आजार समजावून सांगितला, सेवा करणाऱ्यांचे ऐकून घेतले. त्याने सेवा करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले. तात्पर्य, बोलणे हे तिलाही औषध आहे. दमलेल्या माणसाकडून शांत शब्द मागायचे असतील तर आधी त्याला दोन तासांची झोप द्यावी लागते.

मी कोणाला खोटी आशाही दाखवू इच्छित नाही. हा मेंदूचा आजार आहे. कितीही सुंदर बोलले तरी मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत, आणि शेवटी शब्द बहुधा जातातच. पण ते उद्या जाणार आहेत म्हणून आजच हिसकावून घ्यावेत, असा न्याय कोठे आहे?

आपल्या श्रद्धेला या बाबतीत काही सांगायचे आहे. बेनसिराच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला समजून घ्यावे आणि आपण धडधाकट आहोत म्हणून त्याचा अवमान करू नये, असा स्पष्ट उपदेश आहे. पवित्र कुटुंबाच्या सणाला हे वाचन आपण वेदीजवळ वाचतो, ‘देवाला धन्यवाद’ म्हणतो, आणि घरी जाऊन विचारतो, “सांग पाहू, मी कोण?” पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया माग्दालियेने प्रभूला ओळखले नाही, तो माळी आहे असे तिला वाटले. ‘सांग पाहू, मी कोण?’ असे प्रभूने तिला विचारले नाही. त्याने तिला तिच्या नावाने हाक मारली, आणि त्या हाकेत तिला तो सापडला. अम्माऊसच्या वाटेवरही दोघा शिष्यांनी त्याला ओळखले नव्हते. तो त्यांच्यासोबत चालला, त्यांचे दुःख त्यांच्या तोंडून ऐकले, त्यांच्या पंक्तीला बसला, आणि ओळख भाकरीच्या तुकड्यापाशी आली. ओळख मागून मिळत नाही. सोबत चालल्याने ती कधी कधी दान म्हणून मिळते. आणि न मिळाली तरी सोबत चालणे वाया जात नाही.

आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी घरोघर जाताना मी एक गोष्ट अनेकदा पाहिली आहे. ज्यांना नाव सांगता येत नाही अशी माणसे, रोझरी संथपणे सुरू केली आणि मध्ये थोडे थांबले, की पुढचे शब्द उचलतात. थांबणे महत्त्वाचे. आपण थांबत नाही; दोन क्षणांत उत्तर आले नाही की आपणच बोलून मोकळे होतो. त्यांच्या शब्दाला यायला उशीर लागतो, म्हणून तो येणारच नाही असे आपण ठरवून टाकतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी अशा घरी जाल तेव्हा टीव्ही बंद करायला सांगा. उभे राहून बोलू नका, समोर बसा, डोळ्याला डोळा भिडवा आणि स्वतःचे नाव स्वतः सांगा: “आजी, मी तुमच्या शेजारच्या घरातला. तुम्हाला भेटायला आलोय.” एका वेळी एकच गोष्ट बोला. मत विचारा. मग गप्प बसा आणि वाट पाहा. धर्मग्रामाच्या मंडळांनी सणासुदीला फळांच्या टोपल्या वाटण्याऐवजी अशा घरांना आठवड्यातून दोन तास द्यावेत, म्हणजे सुनेला पाठ टेकता येईल. आणि मिस्साच्या वेळी कोणी आजोबा मध्येच मोठ्याने बोलले तर मागे वळून डोळे वटारू नका. ज्या मंदिराच्या बांधकामाला त्यांनी घाम गाळला आहे तेथे त्यांना बोलण्याचा अधिकार आहे.

‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी म्हाताऱ्या आईवर टाकू नये. ते उत्तर आपण आपल्या वागण्याने द्यायचे आहे.